पाच बाय आठचा गालिचा, चार बाय सातची मोरी

पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधली बाथरूम साधारणपणे चार फूट बाय सात फूट असते. तिचा एक कोपरा कमोडने, दुसरा बादल्यांनी आणि तिसरा 'लागेल कधीतरी' म्हणून ठेवलेल्या जुन्या पिंपाने अडवलेला असतो. बैठकीच्या खोलीतला गालिचा पाच बाय आठचा. म्हणजे धुवायची वस्तू चाळीस चौरस फूट आणि धुवायची जागा, पिंप वगळून, जेमतेम पंधरा. हे गणित शाळेत कुणी घातलेलं नसतं, तरी दरवर्षी भाद्रपदाच्या उत्तरार्धात घरोघरी ते सोडवायला घेतलं जातं. उत्तर कधीच बरोबर येत नाही. गालिचा मात्र ओला होऊन बसतो.

भाद्रपदच का, यालाही कारण आहे. गणपती गेलेले असतात, पितृपक्ष लागलेला असतो. या पंधरवड्यात नवी खरेदी करायची नाही, साखरपुडा ठरवायचा नाही, नव्या घरात राहायला जायचं नाही. हातपाय हलवायला मग एकच क्षेत्र मोकळं उरतं: असलेल्या वस्तू धुणं. त्यात पावसाच्या तीन महिन्यांत जमिनीला टेकलेल्या प्रत्येक वस्तूला दमट, कुबट वास आलेला असतो. घट बसायच्या आत तो घराबाहेर गेला पाहिजे असा अलिखित नियम आहे आणि तो मोडायची कुणाची छाती नाही.

गावाकडे हे काम चार भिंतींआड होत नाही. घटस्थापनेच्या आधीच्या आठवड्यात कुठल्याही नदीवर, ओढ्यावर, कालव्यावर जा, निम्मा गाव अंथरूण-पांघरूण घेऊन उतरलेला दिसतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून, छोट्या टेम्पोतून वाकळा, घोंगड्या, सतरंज्या, बस्करं येतात. काठावरचे चांगले दगड उजाडायच्या आतच अडवलेले असतात. उशिरा पोचलेल्या सुनेला उतरता, शेवाळलेला दगड मिळतो आणि त्याबद्दल घरी गेल्यावर ऐकूनही घ्यावं लागतं. जुनी लुगडी एकावर एक घालून शिवलेली वाकळ भिजली की एका बाईच्याने हलत नाही. मग शेजारच्या दगडावरची येते, दुसरं टोक धरते आणि पिळता पिळता गावातल्या निम्म्या घरांची उणीदुणीही निघतात. पुरुषांकडे ट्रॅक्टर चालवणं एवढंच काम असतं. सावलीला उभं राहून ते किती जिकिरीचं होतं हे सांगणं, हे दुसरं. कालव्याला पाणी जोरात सुटलेलं असताना आत उतरणं मात्र जिवावर बेततं आणि तशा बातम्या या दिवसांत वर्तमानपत्रांत खरोखर येतात. तेवढी गोष्ट विनोदाबाहेरची.

शहरातही नदी असते. पुण्यात तर दोन आहेत. पण मुळा-मुठेत धुतलेली सतरंजी घरी आणून पुन्हा धुवावी लागेल, त्यामुळे नागरिक सुरुवातच घरून करतात.

खरं तर सतरंजीवर महाराष्ट्राचं सगळं सार्वजनिक जीवन बसलेलं आहे. बारसं, मुंज, भजन, हळदीकुंकू, शोकसभा, पक्षाचा मेळावा, सगळीकडे मंडपवाल्याच्या त्याच पट्ट्यापट्ट्यांच्या सतरंज्या. राजकारणात तर निष्ठेचं मोजमापच त्यांच्यावर होतं. तिकीट न मिळालेला कार्यकर्ता 'आम्ही काय जन्मभर सतरंज्याच उचलायच्या का?' असं विचारतो आणि ऐन निवडणुकीत पक्ष बदलतो. आजवर इतक्या जणांनी सतरंज्या अंथरल्या आणि उचलल्या. पण आपण त्या धुतल्या, असा दावा करून कुणी तिकीट मागितल्याचं ऐकिवात नाही. मंडपवाल्याची सतरंजी जवळून पाहिलेल्या माणसाला याचं नवल वाटणार नाही. तिच्या विणीत मागच्या लग्नाच्या अक्षता, त्यामागच्या बारशाच्या घुगऱ्या आणि कुठल्यातरी सर्वसाधारण सभेतली शेंगांची टरफलं एकोप्याने नांदत असतात. पांढरा लेंगा घालून दोन तास तिच्यावर बसलेला पाहुणा उठतो तेव्हा लेंग्याला फिकट निळी छटा आलेली असते. सतरंजी जराशी स्वच्छ होते ती अशी, पाहुण्यागणिक.

घरच्या सतरंजीचं तसं नसतं. ती धुतली जाते. पण शहाणी माणसं तिला पाणी लावायच्या आधी तिची धूळ काढतात, आणि निम्मी लढाई इथेच हरली किंवा जिंकली जाते. गालिच्यातला मळ म्हणजे बहुतेक कोरडी माती, बारीक वाळू, कपड्यांचा भुगा आणि माणसांच्या कातडीची गळलेली टरफलं. ही धूळ लवेच्या मुळाशी जाऊन बसते. न झटकता पाणी ओतलं की तिचा चिखल होतो, आणि तो चिखल मग साबण लावून गालिच्यात आणखी खोल चोळला जातो. उपाय जुनाच आहे: गालिचा दांडीवर उलटा टाकायचा आणि पाठीवर बडवायचा, म्हणजे धूळ आली त्या वाटेने खाली पडते. अख्ख्या कामातला हा एकच भाग घरातला कर्ता पुरुष आपणहून अंगावर घेतो. चिरंजीवांची क्रिकेटची बॅट बाहेर येते. पहिले आठ फटके जोरदार बसतात. नवव्याला खांदा धरतो, आणि उरलेलं काम 'आता फार काही निघत नाहीये' या निष्कर्षावर थांबतं.

बडवलेली धूळ जाते कुठे, हा प्रश्न मात्र जगभर भांडणाचा आहे. लंडनमध्ये १८३९ सालच्या महानगर पोलीस कायद्याने रस्त्यात गालिचा, सतरंजी किंवा चटई झटकणं-बडवणं हा दंडाचा गुन्हा ठरवला. अपवाद एकच, दारातलं पायपुसणं. तेही सकाळी आठच्या आत झटकलं तर. ज्या साम्राज्याने निम्म्या जगाला कायदे शिकवले त्याला आपल्या राजधानीत पायपुसण्याची वेळ ठरवून द्यावी लागली होती, हे वाचून गिरगावातल्या कुठल्याही जुन्या चाळकऱ्याला बरं वाटेल. चाळीत हा कायदा लिहिलेला नव्हता, पण अंमलबजावणी लंडनपेक्षा कडक होती. तिसऱ्या मजल्यावरच्या कठड्यावरून सतरंजी झटकली गेली आणि पहिल्या मजल्यावर कुरडया वाळत असल्या, तर निकाल जागच्या जागी लागत असे. साक्षीपुराव्याला दोन्ही बाजूंचे सगळे मजले हजर.

युरोपात यावर शिस्तीचा तोडगा निघाला. जर्मनीतल्या जुन्या वसाहतींच्या अंगणात गालिचे बडवण्यासाठी लोखंडी दांड्या रोवलेल्या असत आणि बडवायचं कोणत्या वेळात, हे घराच्या नियमावलीत छापलेलं असे. पोलंडमध्ये तशाच नळ्यांच्या चौकटीला 'त्शेपाक' म्हणतात. गालिचे बडवणं कमी झालं तरी चौकट राहिली, आणि तिच्यावर उलटं लटकून तिथल्या पोरांच्या पिढ्या मोठ्या झाल्या. आपल्या सोसायट्यांनी अंगणात देऊळ बांधलं, व्यायामाची पिवळी-निळी यंत्रं बसवली, ज्येष्ठांसाठी बाक टाकले. पण सतरंजी टाकायला एक आडवी दांडी बसवावी असं कुठल्याही वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर आलेलं दिसत नाही.

धूळ बाहेर न उडवता आत ओढावी, ही कल्पना नीट चालीला लागायला विसावं शतक उजाडावं लागलं. ह्यूबर्ट सेसिल बूथ नावाच्या इंग्रज अभियंत्याने धूळ फुंकून उडवणारं एक यंत्र पाहिलं आणि उलट का करू नये, असा विचार केला. मग हॉटेलातल्या खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवून त्याने तोंडाने जोरात हवा ओढली. रुमालाच्या खालच्या बाजूला धुळीचा काळा ठसा उमटला आणि त्याला खोकल्याची जबर उबळ आली. १९०१ साली त्याने पेटंट घेतलं. त्याचं यंत्र घोडागाडीवर होतं; ते रस्त्यात उभं करून लांबच लांब नळ्या खिडक्यांतून घरात सोडत. सातव्या एडवर्डच्या १९०२ सालच्या राज्यारोहणासाठी वेस्टमिन्स्टर ॲबीतले गालिचे या यंत्राने साफ केले. त्याआधी अमेरिकेत, १८७६ साली, मेलव्हिल बिसेल या चिनीमातीच्या भांड्यांच्या दुकानदाराने गालिचा झाडायची ढकलगाडी काढली होती. भांडी ज्या लाकडाच्या भुशात गुंडाळून येत तो भुसा दुकानातल्या गालिच्यात अडकून त्याची बायको ॲना वैतागली होती, हे त्या शोधाचं मूळ. तो १८८९ साली वारला आणि पुढे कंपनी ॲनाबाईंनीच चालवली, तीही उत्तम. वैताग कुणाचा होता हे लक्षात घेतलं तर ते योग्यच झालं.

आपल्याकडे धूळ ओढणारं यंत्र दारातून आलं. १९८२ साली युरेका फोर्ब्ज कंपनी सुरू झाली आणि टाय लावलेले तरुण घरोघरी जाऊन बेल वाजवू लागले. त्यांची पद्धत ठरलेली. 'विकत घेऊ नका, फक्त बघा' म्हणायचं, सोफ्यावरून आणि सतरंजीवरून यंत्र फिरवायचं, आणि मग ओढून काढलेली धूळ पांढऱ्या कापडावर घरच्या बाईच्या समोर मांडायची. ज्या घरात दिवसातून दोनदा केर काढला जातो तिथे ही धूळ म्हणजे सरळ अब्रूचा प्रश्न. बाई म्हणायच्या, 'ही आमची नाही.' सासूबाई काही बोलायच्या नाहीत, नुसत्या कापडाकडे बघायच्या. आणि विक्री बहुधा त्या बघण्यामुळे होत असावी. यंत्र आलं, पहिले पंधरा दिवस रोज चाललं, मग पलंगाखाली गेलं. आता त्याच्यावरच धूळ बसते, आणि ती फडक्याने पुसतात.

अलीकडच्या गोल, आपोआप फिरणाऱ्या यंत्राची कथा वेगळी नाही. ते सगळीकडे व्यवस्थित जातं, फक्त गालिच्याच्या गोंड्यांत चाक अडकलं की तिथेच कण्हत राहतं. त्याला सोडवायला घरातल्या माणसाला गुडघ्यावर बसावं लागतं. बसलोच आहोत तर, असं म्हणून तो हातानेच केर उचलतो.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलाकडे पहिल्यांदा गेलेल्या सांगली-साताऱ्याच्या आईपुढे तर प्रश्नच निराळा उभा राहतो. तिथे गालिचा भिंतीपासून भिंतीपर्यंत खिळवलेला. 'हा उचलायचा कसा?' याचं उत्तर 'उचलायचा नाही' हे तिला पटत नाही. न उचलता स्वच्छ झालेली वस्तू तिने आयुष्यात पाहिलेली नसते. मग मुलगा किराणा दुकानातून भाड्याने धुण्याचं यंत्र आणतो. ते गरम पाणी-साबण आत सोडतं, लगेच ओढून घेतं आणि टाकीत जमलेलं काळं पाणी दाखवतं. ते पाणी पाहून आई पहिल्यांदा त्या देशावर प्रसन्न होते.

काळ्या पाण्याचा हा आनंद मात्र सार्वत्रिक आहे. बाथरूममध्ये घड्या घालून कोंबलेली सतरंजी तुडवायला सुरुवात झाली, आणि पहिलं पाणी मोरीकडे निघालं, की आतून हाक येते: 'अहो, इकडे या, पाणी बघा!' घरातली सगळी माणसं कामं टाकून दारात जमतात. पाणी दाट, तपकिरी, चहाला लाजवणारं. 'बाप रे' असं प्रत्येक जण एकदा म्हणतो. 'यावर आपण बसत होतो?' असं एक जण विचारतो. दुसऱ्या पाण्याला पुन्हा बोलावणं येतं, तिसऱ्यालाही. पाणी जितकं घाण तितकं धुणाऱ्याचं समाधान मोठं; पहिल्याच पाण्याला जर ते स्वच्छ निघालं तर चेहरा पडतो आणि साबण कमी पडला असा निष्कर्ष निघतो.

साबण कधीही कमी पडलेला नसतो. तो नेहमी जास्तच असतो. चाळीस चौरस फुटांना एवढीशी पावडर कशी पुरेल, या हिशेबाने मूठभर, मग आणखी मूठभर पडते. नंतरचा दीड तास फेसाशी झुंजण्यात जातो. तो दाराच्या फटीतून पॅसेजमध्ये येतो, शेजारच्या बाथरूमच्या जाळीतून उगवतो. सगळा निघाला असं वाटून गालिचा वाळवला, तरी आत राहिलेला साबण चिकट असतो आणि नवी धूळ धरून ठेवतो. धुतलेली सतरंजी महिनाभरात पूर्वीपेक्षा लवकर मळली, तर दोष हवेला देऊ नये.

पण खरी परीक्षा धाग्याची असते आणि बाथरूममध्ये पाय टाकणाऱ्या माणसाला नेमकं तेवढंच ठाऊक नसतं. सूत ओलं झालं की कोरड्याहून मजबूत होतं. म्हणून सुती सतरंजी दगडावर आपटा, तुडवा, बडवा, ती धुणाऱ्यापेक्षा जास्त टिकते. लोकरीचं उलट. लोकर स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी ओल पोटात घेऊनही हाताला कोरडी लागते, पण पुरती भिजली की अशक्त होते, आणि गरम पाण्यात चोळली की तिच्या तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकून ती आक्रसते. घोंगडी धनगर समाजाने दख्खनी मेंढीच्या लोकरीची विणली, चिंचोक्याची खळ देऊन ताठ केली आणि पावसात डोक्यावर घेतली. गरम पाण्याच्या बादलीत डिटर्जंट टाकून तुडवण्यासाठी ती नव्हती. तशी तुडवणाऱ्यांच्या हाती शेवटी आसनापुरती, पण अतिशय घट्ट घोंगडी राहते. तागाची चटई भिजली की तपकिरी डाग उमटतात आणि ते मळाचे नसून तिच्याच अंगातले असतात, त्यामुळे घासून जात नाहीत. सगळ्यांत फसवा तो रेशमासारखा चमकणारा, प्रदर्शनातून 'आज शेवटचा दिवस' म्हणून आणलेला गालिचा. तो बहुधा व्हिस्कोसचा असतो. पाण्यात व्हिस्कोसची ताकद निम्म्यावर येते. त्याला धुणं म्हणजे त्याला निरोप देणं.

रंगाचं तर विचारूच नये. लाल-पांढऱ्या नक्षीची सतरंजी आत जाते आणि सर्वत्र गुलाबी सतरंजी बाहेर येते. यावर साधी चाचणी आहे: पांढरं ओलं फडकं कोपऱ्यावर घासून बघायचं, फडक्याला रंग लागला तर तो गालिचा घरी भिजवायचा नाही. चाचणीला एक मिनिट लागतं. ती बहुतेक घरांत धुऊन झाल्यावर केली जाते.

डागांचा राजा मराठी घरात एकच, हळद. आमटीची वाटी कलंडते, गालिच्यावर पिवळा डाग पडतो, आणि घरातला सर्वांत तत्पर माणूस साबणाची वडी घेऊन धावतो. साबण लागताच पिवळा डाग लालभडक होतो. आता आमटी सांडल्याऐवजी काहीतरी गंभीर घडल्यासारखं दिसतं. घाबरून आणखी साबण लावला जातो आणि डाग आणखी लाल होतो. हळदीतला कर्क्युमिन हा रंग अल्कलीशी गाठ पडली की लाल होतो. हळदीत चुना कालवून कुंकू करणाऱ्या आज्यांना रसायनशास्त्राचं पुस्तक न उघडता हे ठाऊक होतं. त्यांना दुसरंही ठाऊक होतं, की हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. तेव्हा सांडलेली आमटी फडक्याने टिपून घ्यायची, घासायची नाही, थोडं पाणी लावायचं आणि डाग दोन-चार दिवस उन्हाकडे सोपवायचा. पण उन्हावर विश्वास ठेवून स्वस्थ बसणं हे तत्पर माणसाच्या स्वभावात नसतं.

यानंतर येतं पिळणं. कोरडी असताना एका हाताने उचललेली सतरंजी आता दोघांना आवरत नाही. पतिपत्नी पॅसेजमध्ये समोरासमोर उभी राहतात, एकेक टोक धरतात. इथे पदार्थविज्ञानाचा एक बारकावा आहे. समोरासमोर उभ्या माणसांनी दोघांनीही आपापल्या उजवीकडे पिळलं तरच पीळ बसतो. नवरा मात्र विचार करतो की पिळायचं तर बायकोच्या उलट पिळलं पाहिजे. ती उजवीकडे, तो डावीकडे, आणि सतरंजी दोघांच्या मध्ये नुसतीच गोल गोल फिरते, पाणी न सोडता. 'तुम्ही उलट फिरवा.' 'उलटच फिरवतोय.' हा संवाद ज्या घरात झाला नाही तिथे सतरंजी बाहेर धुवायला टाकतात.

मुळात गाठी मारून विणलेला गालिचा पिळायचाच नसतो. उत्तर प्रदेशात भदोही-मिर्झापूरकडे, जिथे हाताने गालिचे विणायचा मोठा धंदा आहे, धुणारे कारागीर तो सपाट फरशीवर पसरतात आणि लाकडी फावड्याने एका दिशेने पाणी ढकलत काढतात. घरचा फरशी पुसायचा वायपर नेमकं हेच काम करतो. फक्त त्यासाठी गालिचा पूर्ण पसरेल एवढी फरशी लागते, आणि अशी फरशी इमारतीत एकाच ठिकाणी असते. तिथली किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरींकडे असते.

गच्ची सर्वांच्या मालकीची आहे असं सोसायटीच्या उपविधीत लिहिलेलं असतं, आणि गच्चीला कुलूप असतं. 'सतरंजी वाळत घालायची होती' या वाक्यावर सेक्रेटरी आधी गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा खर्च सांगतात, मग मागच्या वर्षी कुणाच्या तरी गोधडीचं पाणी खालच्या नव्या गाडीवर कसं ठिबकलं ते सांगतात. तोवर सतरंजीचं पाणी त्यांच्या दाराशी ठिबकत असतं, त्यामुळे किल्ली मिळते. पाच मजले ती ओली वस्तू जिन्याने न्यावी लागते, कारण लिफ्टमध्ये 'ओले सामान नेऊ नये' ही पाटी आहे आणि ती सेक्रेटरींनीच लावलेली आहे.

हेलसिंकीच्या लोकांना हे सांगितलं तर त्यांना दया येईल. फिनलंडच्या त्या राजधानीत समुद्राकाठी खास गालिचे धुण्यासाठी सार्वजनिक धक्के आहेत. लाकडी टेबलं, पिळून काढायचं यंत्र, वाळत घालायला दांड्या, सगळी सोय. उन्हाळा आला की लोक जुन्या कपड्यांच्या चिंध्या विणून केलेल्या लांब पट्ट्या घेऊन येतात, पाइनच्या झाडापासून केलेल्या साबणाने ब्रश मारतात, गप्पा मारतात, सोबत आणलेली कॉफी पितात. साबणाचं पाणी समुद्रात जाऊ नये म्हणून काही ठिकाणी धुण्याची जागा आता काठावर घेतली आहे. म्हणजे आपल्या कालव्यावर जे चालतं तेच तिथे चालतं, फक्त नगरपालिकेच्या खर्चाने आणि पुरुषांच्या हातूनही.

इराणात तर घरोघरी गालिचा असल्यामुळे वर्षाची सुरुवातच धुण्याने होते. मार्चमध्ये नौरोजच्या आधी 'खाने-तकानी' असते. अख्खं घर झटकून काढायचं, गालिचे धुवायचे. तेहरानला लागून असलेल्या रयमध्ये चश्मे-अली नावाचा झरा आहे. त्याच्यावरच्या खडकात बादशहा फतेह अली शाहने आपली स्वारी कोरून घेतली, आणि पुढे लोकांनी त्याच खडकांवर धुतलेले गालिचे वाळत घातले. काशानजवळच्या मशहद-ए-अर्देहालला दर शरद ऋतूत एक गालिचा खांद्यावरून झऱ्याकडे नेऊन विधिपूर्वक धुतात. तो एका धर्मपुरुषाच्या हौतात्म्याचा शोकविधी आहे. युनेस्कोने २०१२ साली त्याची नोंद मानवजातीच्या वारशात केली. या सगळ्या जागांत एक गोष्ट सारखी दिसते. गालिचा धुवायला कुणी एकटं जात नाही, आणि कुणी त्याला खोलीत कोंबत नाही.

जगातला सर्वांत जुना अखंड गालिचा या बाबतीत फार नशीबवान निघाला. रशियन पुरातत्त्वज्ञ सर्गेई रुदेंको यांना तो १९४९ साली अल्ताय पर्वतात, पाझिरिक इथल्या थडग्यात सापडला. थडग्यात शिरलेलं पाणी गोठलं आणि तो बर्फात अडकून राहिला. सुमारे चोवीसशे वर्षं त्याला कुणीही सोडा लावला नाही, बॅटने बडवलं नाही, जिन्यावरून ओढलं नाही. त्याच्यावरचे घोडेस्वार आणि हरणं आजही ओळखू येतात. दुसरं टोक विंडसर कासलचं. तिथल्या वॉटर्लू दालनातला अवाढव्य गालिचा व्हिक्टोरिया राणीसाठी आग्र्याच्या तुरुंगातल्या कैद्यांनी विणला, वजन सुमारे दोन टन. १९९२ साली वाड्याला आग लागली तेव्हा तो गुंडाळून हलवायला पन्नास सैनिक लागले. आपल्याकडे पाच बाय आठच्या ओल्या गालिच्यासाठी दोनच माणसं उपलब्ध असतात आणि त्यांतल्या एकाला कंबरेचा पट्टा असतो.

तेव्हा निकाल असा, की गालिचा झटकावा वारंवार, धुवावा क्वचित, आणि बाथरूममध्ये तर धुवूच नये. सुती सतरंजी असेल तर जरूर घरी धुवा. लोकरीची असेल तर थंड पाणी, थोडासा रिठा आणि हलका हात. व्हिस्कोसची असेल तर झटका आणि देवाचं नाव घ्या. आधी उलट्या बाजूने बडवा, साबण वाटेल त्याच्या चौथा हिस्सा टाका, गच्चीवर नळीने पाणी मारा आणि वायपरने ओढून काढा. सकाळी लवकर सुरुवात केली, तर ऑक्टोबरच्या उन्हात संध्याकाळपर्यंत बरीचशी वाळते. पाठ वाळली नसेल तर मात्र दुसऱ्या दिवशीचंही ऊन द्या, नाहीतर गेलेला वास परत येतो. मदतीला शेजारच्यांना बोलवा, त्यांचीही सतरंजी असतेच. आणि गच्चीची किल्ली आदल्या रात्रीच मागून ठेवा. सेक्रेटरी सकाळी फिरायला जातात आणि नऊच्या आत परतत नाहीत.